ट्रायपॉडच्या प्लेटा: एकच सांधा, सगळीकडे

ट्रायपॉड घेताना पायांची उंची पाहिली जाते, तो किती किलो पेलतो ते पाहिलं जातं, कार्बन घ्यावा की ॲल्युमिनियम यावर बराच खल होतो. कॅमेरा आणि हेड (ट्रायपॉडच्या माथ्यावरचा, कॅमेरा वळवणारा भाग) यांच्यामध्ये बसणाऱ्या प्लेटकडे मात्र खोक्यातून फुकट आलेली वस्तू म्हणूनच बघतात. उभ्या फ्रेममध्ये लेन्स हळूहळू खाली झुकायला लागली, लांब एक्स्पोजर विनाकारण हललं किंवा कॅमेरा हेडवरून सरळ खाली आला, तर दोष बहुतेक वेळा याच ठिकाणी सापडतो.

मोड्यूलर प्लेट सिस्टिम म्हणजे एकाच मापाच्या कडा असलेले सुटे भाग. कॅमेऱ्याच्या तळाला एक प्लेट, टेलिफोटो लेन्सच्या पायाखाली (लेन्सला खालून जोडलेल्या टेकूखाली) एक लांब प्लेट, गरज असेल तर एल-ब्रॅकेट, पॅनोरमासाठी रेल, आणि हेडवर या सगळ्यांना धरणारा एक क्लॅम्प. कुठलाही भाग कुठल्याही क्लॅम्पमध्ये बसला पाहिजे, मधे जोडतुकडा न घालता. यातली गोम अशी की फायदा भागांच्या संख्येत नसतो, सांध्याच्या एकसारखेपणात असतो. तीन हेडं, दोन कॅमेरे आणि एक मोनोपॉड या सगळ्यांवर एकच सांधा असेल तर सिस्टिम मोड्यूलर झाली. प्रत्येकावर वेगळा असेल तर बॅगेत नुसते ॲडॅप्टर जमतात.

पाव इंचाचा स्क्रू

कॅमेऱ्याच्या तळाला जे भोक असतं त्याचे आटे १/४-२० मापाचे असतात. बाहेरचा व्यास ६.३५ मिमी, इंचाला २० आटे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू १.२७ मिमी आत जातो. जड लेन्सच्या पायात, हेडच्या बुडाशी आणि सिनेमा कॅमेऱ्यांवर त्याचा थोरला भाऊ भेटतो: ३/८-१६, व्यास साडेनऊ मिमी, इंचाला १६ आटे. दोन्ही मापं आयएसओ १२२२ या मानकात आहेत, म्हणून निदान या एका जागी सगळे उत्पादक एकमेकांशी जुळतात.

लांबीकडे दुर्लक्ष होतं. प्लेटच्या वरच्या पृष्ठभागापासून स्क्रू सुमारे साडेचार मिमी वर यायला हवा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ५.५ मिमीपेक्षा लांब स्क्रू वापरू नका, अशी स्पष्ट ताकीद असते. साडेचार मिमी म्हणजे जेमतेम साडेतीन फेरे. अख्खा कॅमेरा आणि लेन्स एवढ्या आट्यांवर तोललेले असतात. स्क्रू दीड-दोन मिमी आखूड पडला तर दोनच आटे पकडीत राहतात आणि जोर लावला की ते सोलले जातात.

लांब स्क्रूचा दोष जास्त फसवा. स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो, हाताला 'घट्ट झालं' असं वाटतं, पण प्लेट कॅमेऱ्याखाली मोकळीच फिरत राहते. अशा वेळी आणखी आवळलं तर स्क्रू प्लेटला कॅमेऱ्याकडे ओढत नाही. तो भोकाचा तळ वर ढकलतो, आणि आतली धातूची बुश (आटे असलेली नळी) आपल्या जागेवरून सरकू शकते. म्हणून नियम सोपा: स्क्रू घट्ट आणि प्लेट सैल असं एकाच वेळी जाणवलं की थांबायचं, काढायचं, मोजायचं. मोजताना स्क्रूचं डोकं प्लेटच्या खाचेत पूर्ण बसवा आणि वर आलेला भाग व्हर्निअर कॅलिपरने पाहा. प्लेटवर रबराची गादी असेल तर ती आवळल्यावर दबते आणि तेवढाच स्क्रू आणखी वर येतो, हेही त्यात धरा.

स्क्रू हरवला की हाताला लागेल तो बोल्ट लावण्याचा मोह होतो. सगळ्यात धोक्याचा म्हणजे एम ६. त्याचा व्यास ६ मिमी आणि एका फेऱ्याची चाल १ मिमी. १/४ च्या भोकात तो एखादा फेरा अगदी सहज जातो, मग अडकतो, आणि पान्याने पुढे ढकलला तर कॅमेऱ्याचे आटे कायमचे बिघडवतो. खरा स्क्रू बोटांनी दोन फेरे अडथळ्याशिवाय जातो. जात नसेल तर तो एकतर तिरका बसलाय किंवा त्या भोकाचा नाहीच.

मोठ्या भोकात लहान स्क्रू बसवायला ३/८ मधून १/४ करणारी आटेदार बुश मिळते. ती नेहमी चुकीच्या वेळी चुकीच्या जागी अडकते: प्लेट काढायला जावं तर बुशच स्क्रूबरोबर बाहेर येते. ती लेन्सच्या पायात कायम ठेवायची असेल तर बाहेरच्या आट्यांना मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो, आतल्या आट्यांना मुळीच नको. आणि हे फक्त धातूत धातू असेल तरच. थ्रेडलॉकरमुळे पॉलिकार्बोनेट आणि एबीएससारख्या प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात, त्यामुळे कॅमेऱ्याच्या तळाजवळ ती बाटली उघडूच नये.

आर्का नावाची कड

फोटोग्राफीत आज सगळ्यात पसरलेला सांधा आर्का-स्विस या कंपनीच्या नावाने ओळखला जातो. प्लेटच्या दोन्ही लांब बाजूंना ४५ अंशांचा उतार असतो आणि तळाशी ती साधारण ३८ मिमी रुंद असते. क्लॅम्पचे दोन जबडे या उतारावर वरून आणि बाजूने दाबतात. उतारामुळे आडवा दाब खालच्या दिशेलाही वळतो आणि प्लेट क्लॅम्पच्या तळावर ओढली जाते. आवळू तितकी ती खाली बसते, हीच या रचनेतली हुशारी. शिवाय प्लेट कडेच्या दिशेने सरकवता येते, त्यामुळे तोल हवा तिथे आणता येतो. चौकोनी खाचेत खटकन बसणाऱ्या प्लेटांत ही सोय नसते.

पण हे माप कुठल्या मानक संस्थेने ठरवून दिलेलं नाही. एकाने केलं, बाकीच्यांनी उचललं. त्यामुळे एकाची प्लेट दुसऱ्यापेक्षा काही दशांश मिमी रुंद किंवा अरुंद निघते, कोणी कडेचं टोक गोल करतो, कोणी धारदार ठेवतो. या फरकाचा त्रास कोणाला होतो हे क्लॅम्पवर अवलंबून असतं.

नॉबने आवळायच्या क्लॅम्पमध्ये जबडा स्क्रूवर चालतो, म्हणून तो कुठल्याही रुंदीला जाऊन भिडतो. फरक पडला तर फार तर अर्धा फेरा जास्त लागतो. लिव्हरच्या क्लॅम्पमध्ये जबडा ठरावीक अंतरच सरकतो. प्लेट किंचित अरुंद असेल तर लिव्हर सुळकन बंद होतो आणि पकड शून्य. किंचित रुंद असेल तर लिव्हर बंदच होत नाही, आणि जोर करून बंद केला तर सांध्याची पिन झिजते. वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्लेटा एकत्र वापरणाऱ्याने नॉबच घ्यावा, हे आमचं ठाम मत. लिव्हर तेव्हाच, जेव्हा सगळ्या प्लेटा एकाच घरच्या असतील किंवा लिव्हरला ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असेल. लिव्हर तपासायची खूण: बंद होताना शेवटच्या टप्प्यात तो हाताला स्पष्ट जड लागला पाहिजे.

प्लेटच्या खाली दोन्ही टोकांना दोन बारीक स्क्रू दिसतात. ते शोभेचे नाहीत. क्लॅम्प चुकून ढिला राहिला तर प्लेट सरकत जाऊन या स्क्रूंवर अडते आणि कॅमेरा वाचतो. मात्र ते अडायला क्लॅम्पच्या तळाला तशी खाच हवी. काही क्लॅम्पचा तळ सपाट असतो, आणि मग याच स्क्रूंमुळे प्लेट नीट टेकत नाही, अधांतरी राहते. अशा जोडीत ते स्क्रू काढावे लागतात आणि सुरक्षा जाते. नवी प्लेट आली की आधी क्लॅम्पमध्ये कॅमेऱ्याविना बसवून, डोळ्यासमोर धरून, मधे फट राहते का ते पाहा.

कॅमेरा पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारणही इथेच आहे: प्लेट तिरकी बसते, एकाच जबड्यात अडकते, नॉब आवळला जातो आणि सगळं ठीक वाटतं. अंधारात, हातमोजे घालून किंवा घाईत हे हमखास होतं. उपाय दोन सेकंदांचा. आवळल्यावर कॅमेरा हातातून सोडायच्या आधी त्याला वर ओढायचं आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचं. पट्टा तोवर मनगटावर असू द्यावा.

उभी फ्रेम आणि फिरणारा कॅमेरा

कॅमेरा एका स्क्रूवर बसवला की तो त्या स्क्रूभोवती फिरू शकतो. आडव्या फ्रेममध्ये हे जाणवत नाही, कारण गुरुत्वाकर्षण स्क्रूच्या रेषेतच खाली ओढतं. कॅमेरा बाजूला कलंडवून उभी फ्रेम घेतली की स्क्रू आडवा होतो आणि लेन्सचं वजन त्याभोवती पीळ देऊ लागतं.

आकडा काढून बघू. कॅमेरा आणि झूम लेन्स मिळून १.६ किलो, आणि त्यांचा गुरुत्वमध्य स्क्रूच्या ६ सेंमी पुढे. पीळ होतो सुमारे ०.९ न्यूटन-मीटर, म्हणजे साडेनऊ सेंमीच्या दांडीला एक किलो लटकवल्यासारखा. स्क्रू व्यवस्थित आवळला असेल तर सुरुवातीला घर्षण याला सहज पुरतं. मग कॅमेरा का फिरतो? रबरामुळे. स्क्रूची पकड म्हणजे आवळल्यावर त्यात निर्माण झालेला ताण. गादी रबराची किंवा कॉर्कची असली की ती हळूहळू दबत जाते, उन्हात आणखी मऊ पडते, ताण उतरतो आणि घर्षणही. सकाळी घट्ट असलेली प्लेट दुपारी फिरते ती अशी. जाड रबर लावून पकड वाढते ही समजूत म्हणूनच उलटी पडते.

कलंडवण्याची दिशाही मोजावी. कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून माथा डावीकडे कलंडवला, तर लेन्सचं वजन कॅमेऱ्याला स्क्रू सैल होण्याच्या दिशेने फिरवतं. माथा उजवीकडे कलंडवला तर तोच पीळ स्क्रू आवळतो. साधी सपाट प्लेट वापरणं भागच असेल तर उजवीकडे कलंडवावं. शटरचं बटण खाली जातं आणि हाताला अवघड होतं हे खरं, पण ट्रायपॉडवर एरवी रिमोट किंवा टायमरच वापरायचा असतो.

खरा इलाज असतो कडेची पट्टी. ठरावीक मॉडेलसाठी बनवलेल्या प्लेटला मागच्या किंवा पुढच्या बाजूला दोन-तीन मिमी उंचीची कड वर आलेली असते. ती कॅमेऱ्याच्या अंगाला चपखल टेकते आणि फिरणं जागच्या जागी थांबवते. घर्षणावर अवलंबून राहावंच लागत नाही. 'सगळ्या कॅमेऱ्यांना चालणारी' प्लेट स्वस्तात आणि सोपेपणात जिंकते, पीळ सोसण्यात हरते. कॅमेरा वर्षानुवर्षं तोच राहणार असेल तर मॉडेलची प्लेट घ्या. सतत कॅमेरे बदलणार असाल तर सर्वसाधारण प्लेट घ्या, पण पातळ आणि टणक गादीची.

कडेची प्लेट बसवताना क्रम पाळावा. तळावरची धूळ आणि प्लेटचा माथा कोरड्या कापडाने पुसा. वाळूचा एक कण राहिला तरी प्लेट त्यावर डुलत राहते. स्क्रू बोटांनी सुरू करा. कड कॅमेऱ्याला दाबून धरा आणि तशीच धरून स्क्रू आवळा. आधी आवळून मग कड जुळवायला गेलात तर फट राहते. शेवटचा जोर ॲलन कीच्या आखूड बाजूने, बोटांनी. लांब बाजू म्हणजे लांब दांडी, आणि तिने हातातला साधा जोरही मॅग्नेशियमच्या सांगाड्याला जास्त होतो. स्क्रूला अंगठीसारखी कडी असेल तर ती हाताने आवळून नाण्याने जरासा शेवटचा ताण द्या, आणि कडी प्लेटच्या खाचेत पूर्ण दुमडली आहे का ते बघा. थोडी जरी बाहेर राहिली तरी प्लेट क्लॅम्पमध्ये टेकत नाही. पहिल्या तासाभराच्या वापरानंतर एकदा पुन्हा तपासायचं, कारण गादी तोवर बसलेली असते.

एल-ब्रॅकेट

उभ्या फ्रेमचा प्रश्न मुळातून सोडवायचा तर कॅमेरा कलंडवायचाच नाही. एल-ब्रॅकेट ही इंग्रजी एल आकाराची प्लेट, तिच्या तळाला आणि डाव्या बाजूलाही आर्काची कड असते. कॅमेरा काढायचा, ९० अंश फिरवायचा, बाजूची कड क्लॅम्पमध्ये घालायची. वजन हेडच्या बरोबर वर राहतं, पीळ पडत नाही, बॉल हेडची (गोळ्यावर फिरणाऱ्या हेडची) मान बाजूच्या खाचेत खाली घालावी लागत नाही, आणि फ्रेमचा मध्यही फारसा ढळत नाही. निसर्गचित्रं आणि इमारती टिपणाऱ्याला सगळ्या सुट्या भागांत सर्वांत उपयोगी हाच वाटेल.

घेण्याआधी तीन ठिकाणी नजर टाका. बॅटरीचं झाकण ब्रॅकेट न काढता उघडतं का. केबलचे पोर्ट डाव्या बाजूला असतील तर उभ्या फ्रेममध्ये केबल लावता येते का. चांगल्या ब्रॅकेटची उभी बाजू बाहेर सरकते ती याचसाठी. आणि बाजूला उघडणारा स्क्रीन पूर्ण फिरतो का. कॅमेऱ्याखाली बॅटरी ग्रिप लावत असाल तर ब्रॅकेट ग्रिपच्या मापाचा वेगळा लागतो, नुसत्या कॅमेऱ्याचा चालत नाही.

लेन्सचा पाय आणि ९० अंशांचा घोळ

७०-२००, १००-४०० अशा लेन्सना कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) असते आणि तिला पाय. अशा लेन्सवर कॅमेऱ्याची प्लेट वापरूच नये, लेन्सचं वजन मग कॅमेरा आणि लेन्स जोडणाऱ्या माउंटवर येतं. प्लेट पायाला लावायची. जड लेन्सच्या पायाला दोन भोकं असतील तर दोन्ही स्क्रू लावा: दोन बिंदूंवर धरलेली वस्तू फिरत नाही, इथे कडेच्या पट्टीची गरजच उरत नाही. त्याहून बरं म्हणजे लेन्सचा मूळ पाय काढून त्याजागी खालीच आर्काची कड कोरलेला पाय बसवणं. एक सांधा कमी झाला.

प्लेट लांब घेण्याचं कारण तोल. लेन्सवर कॅमेरा, एक्स्टेंडर, हूड लागला की गुरुत्वमध्य पुढे-मागे सरकतो. क्लॅम्प ढिला करून, हाताची पकड न सोडता, प्लेट सरकवा; क्लॅम्प आवळून लेन्स सोडून दिल्यावर ती पुढेही झुकत नाही आणि मागेही, अशी जागा शोधा आणि प्लेटवर पेन्सिलीने खूण करा.

आता घोळ. कॅमेऱ्याच्या प्लेटची कड साधारणपणे सेन्सरला समांतर असते, म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे सरकतो. लेन्सच्या प्लेटची कड लेन्सच्या दिशेत असते, ती पुढे-मागे सरकते. दोन्ही एकाच क्लॅम्पमध्ये घालायच्या तर क्लॅम्प ९० अंश फिरलेला हवा. बॉल हेडवर हे जमून जातं, हेडच फिरवायचं, पण नॉब आणि मान घालायची खाच भलत्याच बाजूला येतात. पॅन-टिल्ट हेडवर दांड्यांचे अक्ष ठरलेले असतात. क्लॅम्प आडवा असेल आणि लेन्स त्यात बसवली तर पुढे-मागे झुकवण्याची दांडी बाजूला झुकवू लागते. अशा हेडला दोन्ही दिशांनी प्लेट घेणारा क्लॅम्प, किंवा क्लॅम्प सोडवून ९० अंशांवर लावण्याची सोय लागते. खरेदी करताना हे कोणी विचारत नाही, पहिल्याच वापराला मात्र सगळ्यांच्या लक्षात येतं.

रेल

आर्काची कड असलेली १५-२० सेंमीची पट्टी म्हणजे रेल. पॅनोरमात कॅमेरा स्क्रूभोवती न फिरवता लेन्सच्या प्रवेश-छिद्राभोवती (लेन्समध्ये समोरून पाहिलं की दिसणाऱ्या छिद्राभोवती) फिरवायचा असतो, नाहीतर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकांसापेक्ष सरकतात आणि जोडणी फाटते. रेल हेडच्या क्लॅम्पमध्ये पुढे-मागे बसते, तिच्या टोकाला कॅमेऱ्यासाठी ९० अंश वळवलेला क्लॅम्प असतो.

जागा शोधायला मीटरभर अंतरावर एक काठी उभी करा आणि लांबवर एखादा खांब तिच्या रेषेत धरा. कॅमेरा उजवीकडे फिरवा. काठी खांबाच्या डावीकडे सरकलेली दिसली तर लेन्स अक्षाच्या पुढे आहे, कॅमेरा मागे घ्या. उजवीकडे सरकली तर पुढे न्या. हलली नाही की रेलवरचा आकडा त्या लेन्सच्या नावाने टिपून ठेवा. झूम लेन्सला प्रत्येक फोकल लेंग्थला वेगळा आकडा लागतो.

रेलची लांबी उगाच वाढवू नये. टोकाला वजन असलेली पट्टी किती वाकते हे बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात ठरतं: बाहेरचा भाग दुप्पट झाला की वाकणं आठपट. जाडीचा हिशेबही तसाच, पण आपल्या बाजूने. ८ मिमीऐवजी १० मिमी जाडीची पट्टी जवळपास दुप्पट ताठ असते. वजनाचा फरक नगण्य: ४० बाय ५० मिमीची, १० मिमी जाड, भरीव ॲल्युमिनियमची प्लेट ५४ ग्रॅम भरते. वजन वाचवायला जागोजागी कोरलेल्या प्लेटा छान दिसतात, वाचवतात दहा-पंधरा ग्रॅम.

व्हिडिओच्या बाजूला

व्हिडिओ हेडवर चित्र बदलतं. तिथे मॅनफ्रॉटो या कंपनीच्या ५०१ पद्धतीची सुमारे ५० मिमी रुंद, लांब सरकणारी प्लेट फार रुळलेली आहे. तिच्यावर स्क्रूशेजारी स्प्रिंगवर दबणारी एक छोटी पिन असते. कॅमेऱ्याच्या तळाला तिच्यासाठी भोक असेल तर फिरणं थांबतं, नसेल तर पिन दबून राहते आणि काही बिघडत नाही. जड कॅमेऱ्यांसाठी ३/८ स्क्रू आणि दोन्ही बाजूंना पिना अशी अॅरी या सिनेमा कॅमेऱ्यांच्या कंपनीची पद्धत वापरतात, उद्देश तोच.

पिंजऱ्यात (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीत) बसवलेल्या कॅमेऱ्याला भोकाभोकांच्या चीज प्लेटा, हँडल, मॉनिटरचे हात, १५ मिमीच्या दांड्या लागतात. हलक्या प्रकारात या दोन दांड्यांच्या केंद्रांतलं अंतर ६० मिमी असतं, स्टुडिओच्या १५ मिमी प्रकारात १०० मिमी. मॅट बॉक्स (लेन्ससमोरची प्रकाश अडवणारी पेटी) किंवा फॉलो फोकस (फोकस फिरवायचं चाक) घेताना हे आकडे जुळवा, 'दांडीचा व्यास १५' एवढ्यावर विसंबू नका.

इथे थरांचा मोह सगळ्यात जास्त. पिंजरा, त्याखाली आर्का प्लेट, त्याखाली आर्का क्लॅम्प, त्याखाली ५०१ प्लेट, मग हेड. प्रत्येक सांधा थोडा लवचीक असतो, आणि प्रत्येक थराने कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य वर जातो. फ्लुइड हेडच्या (व्हिडिओच्या संथ फिरणाऱ्या हेडच्या) प्रतितोलाची स्प्रिंग ठरावीक वजन आणि प्लेटच्या वरच्या ठरावीक उंचीसाठी मोजलेली असते. गुरुत्वमध्य तीन सेंमी वर गेला की तेच वजन हेडला जास्त वाटतं, आणि झुकवून सोडलेला कॅमेरा जागेवर न थांबता पुढे पडायला लागतो. तळाशीच आर्काची कड कोरलेला पिंजरा घेतला तर एक थर जातो.

जुनं हेड असेल तर

मॅनफ्रॉटोचं आरसी२ पद्धतीचं हेड पुष्कळांकडे असतं. त्याच्या चौकोनी प्लेटवर आर्का क्लॅम्प स्क्रूने बसवणं हा पहिला सुचणारा मार्ग, आणि कामचलाऊ म्हणून ठीकही आहे. पण आरसी२च्या खाचेत प्लेट मुळातच किंचित खेळते, त्यावर उंच क्लॅम्प ठेवला की तो खेळ वाढलेला जाणवतो. २००पीएल-प्रो ही प्लेट आरसी२ आणि आर्का दोन्हींत बसते. कॅमेरा एक आणि हेडं दोन पद्धतींची असतील तर ती सगळ्यात कमी कटकटीची.

हेड चांगलं असेल तर मूळ क्लॅम्पच बदला. बऱ्याच बॉल हेडवर तो एका स्क्रूने बसवलेला असतो आणि स्क्रूला कारखान्यात थ्रेडलॉकर लावलेला असतो. तो नुसत्या जोराने सोडवायला गेलात तर ॲलनची खाच गोल होते. हेअर ड्रायरने स्क्रूचं डोकं दोन-तीन मिनिटं चांगलं तापवा, ॲलन की खाचेत हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण बसवा, मग सरळ दाबून फिरवा. नवा क्लॅम्प घेताना त्या स्क्रूचा व्यास आणि दांड्याच्या माथ्यावरचं अंग मोजून घ्या. हेडच्या दांड्याला चपटी बाजू किंवा पिन असेल तर नव्या क्लॅम्पच्या तळाला तिच्या जोडीची खाच हवी, नाहीतर क्लॅम्पच हेडवर फिरेल.

दुर्बीणवाल्यांच्या दुकानातली व्हिक्सन पद्धतीची कडही दिसायला अशीच असते, पण ती सुमारे ४४ मिमी रुंद. आर्काच्या क्लॅम्पमध्ये ती जात नाही. फोटोवरून दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून मागवताना माप वाचा.

जपणूक

आर्काच्या कडांना तेल लावू नका. पकड घर्षणावरच आहे, आणि तेलाला चिकटलेली वाळू ॲनोडायझिंग खरवडते. कोरड्या ब्रशने जबडे झाडणं पुरे. नॉब करकरायला लागला तर त्याच्या स्क्रूच्या आट्यांवर ग्रीसचा ठिपका, जबड्यावर नाही. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर प्लेट कॅमेऱ्यापासून काढून गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवून मगच लावा. ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये स्टीलचा स्क्रू आणि मधे खारं पाणी असं महिनोन्महिने राहिलं की दोन्ही एकमेकांत गच्च धरतात. कायम लावून ठेवलेली प्लेटही म्हणून अधूनमधून काढावी. आणि ॲलन की बॅगेत दोन ठेवाव्यात, एक ४ मिमीची आणि एक ५/३२ इंचाची. दोन्हींत फरक केसाएवढाच, पण ५/३२ ची की किंचित बारीक असल्याने ४ मिमीच्या खाचेत ती सैल जाते आणि खाच गोल करत राहते.